गोष्टीतलं कुणी शेजारी राहायला आलं तर

चूल आवरून बसला असाल तर बरंच आहे, नसाल तर आवरता आवरता ऐका. श्रावण चालू आहे. सणवार, उपवास, कहाण्या यांचा महिना. म्हणून आज हप्ता, व्याजदर, खतं-बियाणं असलं काही नाही. आज गोष्टींतल्या माणसांबद्दल बोलायचंय.

झालं असं. मोहोळकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. समाजमंदिराच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली, हप्ते गोळा झालेले, वही लिहून झालेली, आणि बाहेर पाऊस लागलेला. कुणालाच उठता येईना. वेळ काढायचा म्हणून मी सहज विचारलं, "गोष्टीतलं, पुस्तकातलं, मालिकेतलं एखादं माणूस खरंखुरं होऊन तुमच्या शेजारच्या घरात राहायला आलं, तर कुणी यावं असं वाटतं?"

आधी सगळ्या एकमेकींकडं बघून हसल्या. मग एकजण म्हणाली, जिजाऊ. दुसरी म्हणाली, सावित्रीबाई. मी म्हटलं, अगं त्या गोष्टीतल्या नव्हेत, खऱ्या होत्या. आणि दुसरं असं, की जिजाऊ ओसरीवर आल्या तर आपण उठून उभ्या राहू, पदर सारखा करू, हात जोडू. जिच्यासमोर पाय पसरून शेंगा फोडत बसता येतं ती मैत्रीण. आदर वेगळा आणि मैत्री वेगळी. आपल्याला शाळेत, प्रवचनात, कार्यक्रमांत नेहमी विचारतात की कुणासारखं व्हावंसं वाटतं. कुणाजवळ बसावंसं वाटतं, हे कुणी विचारतच नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आक्का म्हणाल्या, "मला ती भोपळ्यातली म्हातारी द्या."

सगळ्या हसल्या, पण आक्कांनी कारण सांगितलं ते ऐका. वाघ समोर उभा आहे, खायलाच निघालाय. अंगात बळ नाही, हातात काठी नाही. तरी म्हातारी पळत नाही, रडत नाही. लेकीकडं जाऊन येते, जरा अंगावर धरते, मग खा, असं सांगून वाट मोकळी करून घेते. लेकीकडं जाऊन तूप-रोटी खाऊन धट्टीकट्टी होते आणि परत येताना भोपळ्यात बसून घरी निघते. आक्का म्हणाल्या, "संकट आलं की आपल्याला काय सुचत नाही. आजचं उद्यावर कसं ढकलायचं हे जिला कळतं, अशी एक बाई जवळ पाहिजे." यावर एक धाकटी सून म्हणाली की कर्जाच्या वसुलीला येणाऱ्याला असंच सांगून बघते. ते काही वाघाइतके भोळे नसतात, हे तिलाही माहीत होतं. पण हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. जी माणसं कधी जन्मालाच आली नाहीत, त्यांच्याविषयी आपल्याला इतका जिव्हाळा का वाटतो?

याचा विचार शिकल्यासवरल्या लोकांनीही केलाय. अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली याच्यावर लिहिलं. तेव्हा तिकडं घराघरांत रेडिओ होता आणि टीव्ही नवा नवा येत होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. रेडिओवरचा किंवा पडद्यावरचा माणूस जणू आपल्या एकट्याशीच बोलतोय अशा रीतीनं बोलतो, रोज ठरल्या वेळेला येतो, आणि हळूहळू ऐकणाऱ्याला तो ओळखीचा वाटायला लागतो. ओळख मात्र एकाच बाजूची. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही. आता गंमत बघा, हे मी तुम्हाला रेडिओवरूनच सांगतेय. माझा आवाज तुमच्या स्वयंपाकघरात येतो, तुमच्या कढईतली फोडणी काही मला ऐकू येत नाही. वाटेत कधी भेटलात तर तुम्ही "ताई, तुमचा आवाज ओळखला" म्हणता, आणि मला तुमचं नाव विचारावं लागतं.

गोष्टीतल्या माणसाचं तर त्याच्याही पुढं जातं. पुस्तकातली बाई एकटी असताना काय विचार करते, ते लिहिणारा आपल्याला सांगतो. रात्री सगळे झोपल्यावर तिला काय आठवतं, कशाची भीती वाटते, कुणाचा राग येतो, हे आपल्याला ठाऊक असतं. आपल्या सख्ख्या जावेचं आपल्याला इतकं ठाऊक असतं का? वीस वर्षं एका चुलीवर भाकरी भाजून एकमेकींच्या मनातलं माहीत नसतं. मग जिच्या मनात आपल्याला आत येऊ दिलं, तिची माया लागणारच. विलायतेत शेरलॉक होम्स नावाचा एक गुप्तहेर गोष्टींमधून फार लोकप्रिय झाला होता. लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना त्याचा कंटाळा आला, म्हणून १८९३ साली एका गोष्टीत त्यांनी त्याला मारून टाकलं. वाचक एवढे नाराज झाले, इतकी वर्षं मागं लागले, की १९०३ साली लेखकाला त्याला पुन्हा जिवंत करून आणावं लागलं. मालिकेत आवडीचं माणूस मेलं की आपण दोन दिवस हळहळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. गोष्टीतल्या माणसाला आपलं मानायची ही रीत काय टीव्हीबरोबर आली नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती केव्हाच काढली होती. कारण त्यांना गरज होती.

आठवून बघा, लग्नाआधी तुमच्या मैत्रिणी किती होत्या? विहिरीवर, शाळेच्या वाटेवर, हादग्याच्या फेरात. आणि लग्नानंतर त्या कुठं गेल्या? एक अक्कलकोटकडं, एक करमाळ्याकडं, एक पुण्याला, एकीचा पत्ताच नाही. नवऱ्याचे मित्र आहेत तिथंच राहतात. कट्टा तोच, पार तोच, तालीम तीच. बाईची मैत्री मात्र अक्षता पडल्या की संपते. सासरी नणंद मिळते, जाऊ मिळते, शेजारीण मिळते. नात्याच्या बायका पुष्कळ, पण मनातलं बोलावं अशी लगेच मिळत नाही. माहेर जवळ असलं तर ठीक. नसलं तर?

नागपंचमीची कहाणी हेच विचारते. तुम्ही सगळ्यांनी ती ऐकलीय, पण पुन्हा एकदा नीट ऐका. पाच-सात सुनांचं घर. श्रावण आला, सण आला, एकेक सून कुणी माहेरी, कुणी आजोळी निघून गेली. धाकटीला माहेरचं कुणीच नव्हतं. ती एकटी घरात राहिली. खिन्न झाली. आणि तिनं काय केलं? नागोबा हाच माझ्या माहेरचा, असं तिनं मनाशी धरलं. मनातल्या मनात एक माहेर तयार केलं. शेषभगवानाला तिची दया आली, तो माणसाचं रूप घेऊन दारात आला आणि म्हणाला, मी हिचा मामा. सासऱ्यानं विचारलं, हा तुझा कोण? तिनं त्याला जन्मात बघितलेलं नव्हतं. तरी म्हणाली, हा माझा मामा.

मला ही जागा फार आवडते. ती खोटं बोलली असं कुणी म्हणत नाही. कहाणीसुद्धा तिला दोष देत नाही. जिला कुणी नव्हतं तिनं एकजण मानून घेतला आणि तो आला.

पुढंही बघा. नागाच्या घरी तिच्या हातून दिवा पडला, नागाच्या पिलांची शेपटं भाजली. म्हणजे मानलेल्या माहेरातसुद्धा चूक होते, दुखावणं होतं. पिलं मोठी झाली, राग धरून सूड घ्यायला तिच्या घरी आली. बघतात तर तिनं पाटावर नागांची चित्रं काढलीत, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवलाय आणि माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा असतील तिथं खुशाल असोत म्हणून हात जोडलेत. त्यांचा राग तिथंच विरघळला.

दुसरी कहाणी शिवामुठीची. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या गोठ्यात राहायला. काम गुरं राखायचं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती रानात गेली, तिथं तिला नागकन्या-देवकन्या भेटल्या. तिनं विचारलं, बायांनो, कुठं चाललात? त्यांनी सांगितलं, आणि तिला सोबत घेतलं. महादेवाला मूठ कशी वाहायची ते शिकवलं. आपण या कहाणीत व्रत बघतो, फळ बघतो, शेवटी सासरच्यांचे डोळे उघडले ते बघतो. मला दिसतं ते असं, की घरात जिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, तिला रानात बायांचा एक घोळका भेटला आणि त्यांनी "तू कोण, कुठली" असं न विचारता तिला आपल्यात घेतलं. पुढचं सगळं त्याच्यानंतर घडलं. आपल्या गटाची पहिली बैठक आठवा. सासूला "बँकेचं काम आहे" सांगून निम्म्याजणी आल्या होत्या.

मला स्वतःला शेजारीण निवडायची झाली तर मी मात्र खुलभर दुधाच्या कहाणीतल्या म्हातारीला बोलावीन. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा होता. हुकूम निघाला, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी भीतीपोटी पोरांच्या तोंडचं, वासरांच्या तोंडचं दूध काढून नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. ही म्हातारी आधी घरचं काम आटोपते, लेकरांना खाऊ घालते, वासरांना पाजते, मग राहिलेलं खुलभर दूध घेऊन सावकाश देवळात येते. तिनं ओतलं आणि गाभारा भरला. राजाचा हुकूम तिनंही ऐकला होता. पण कुणाचं पोट आधी भरायचं हे तिला राजापेक्षा जास्त कळत होतं, आणि त्याच्यावर तिनं गावभर भाषणही केलं नाही. राजानं खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. अशी बाई शेजारी असली की आपलं निम्मं भय कमी होतं. उपास धरून, उन्हात खुरपून, रात्री दुधाचा शेवटचा थेंब दुसऱ्याच्या ग्लासात ओतणाऱ्या कितीतरी बायका मी बघते. त्यांना ही म्हातारी भेटायला पाहिजे.

आता पुस्तकांकडं येऊ. गावच्या ग्रंथालयात असतील, नसतील तर मागा.

पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ति आणि वल्ली' या १९६२ च्या पुस्तकात नारायण नावाचा एक माणूस आहे. लग्नघरात साड्या खरेदीपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळं अंगावर घेणारा. असा माणूस मिळाला तर मुलीचं लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून घेईन. पण खरं सांगू का, अशा माणसाची आठवण आपल्याला कामापुरतीच येते. त्याच्या घरी काय शिजलं हे कोण विचारतं? प्रत्येक गावात असा एक नारायण असतो, आणि नारायणासारखी एक बाईही असते. पंगतीत सगळ्यात शेवटी तीच जेवते, तोवर भाजी संपलेली असते.

माझं सगळ्यात आवडतं पुस्तक 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिलेलं, १९५५ चं. आपल्याला ते जवळचं आहे, कारण ती गोष्ट माणदेशातली आहे. माणदेश म्हणजे साताऱ्याचा माण, सांगलीचं आटपाडी, आणि आपल्या जिल्ह्यातलं सांगोलाही त्यातच धरतात. तोच खडकाळ माळ, तीच मेंढरं, तीच पावसाची वाट बघणं. औंध संस्थानाच्या काळात राजाराम नावाचा पोरसवदा मास्तर धनगरांच्या एका छोट्या वाडीवर शाळा चालवायला येतो. येतो तेव्हा शाळेत पोरं नाहीत. म्हातारा कारभारी त्याला आधार देतो. आयबू नावाचा एकजण त्याच्या सोबतीला राहतो. हळूहळू लोक मास्तराकडं सगळी कामं घेऊन यायला लागतात. कुणाचं पत्र, कुणाचा पैशाचा व्यवहार, कुणाचं भांडण. शिकवायला आलेला मास्तर आधी वाडीचा माणूस होतो, मग मास्तर होतो. सगळे मिळून तालीम बांधतात, राजा ती बघायला येतो. आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होत जाते. आपल्याकडं दुष्काळ काय असतो ते मी कशाला सांगू. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये त्याच्यावर सिनेमाही काढला.

मास्तर मित्र म्हणून चांगलाच. अंजी नावाची मुलगी त्याला चोळी शिवून आणायला सांगते, तो भोळेपणानं आणून देतो आणि गावात कुजबुज होते, कारभाऱ्याचाही गैरसमज होतो. बाईनं परक्या माणसाशी साध्या कामासाठी बोलायचं म्हटलं तरी काय होतं ते त्यात आलंय. ७० वर्षं होऊन गेली त्या पुस्तकाला. आता चोळीच्या जागी मोबाईलचा रिचार्ज आला, कुजबुज तीच आहे.

पण त्या पुस्तकातलं माझं माणूस मास्तर नव्हे. त्यात शेकू नावाचा एक गरीब गडी आहे. शेतात औत धरायचं तर बैल एकच. दुसरा बैल मिळत नाही. तेव्हा त्याची धिप्पाड बायको पुढं होते आणि जू आपल्या खांद्यावर घेते. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला ती. पुस्तकात ती 'शेकूची बायको' म्हणूनच येते. मला तिच्याशेजारी बांधावर बसून भाकरी खायचीय. कडक भाकरी, शेंगाची चटणी, फोडलेला कांदा. तिला काही विचारायचं नाही. खांद्याला तेल लावून द्यायचं फक्त.

इथं गटातल्या एकीनं मला अडवलं होतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सगळी जुनी नावं सांगताय. आमची मैत्रीण टीव्हीत आहे." आणि तिनं अरुंधतीचं नाव घेतलं. 'आई कुठे काय करते' ही मालिका २०१९ च्या शेवटी सुरू झाली आणि २०२४ पर्यंत चालली. मूळ गोष्ट 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची, हिंदीत तिचीच 'अनुपमा' झाली. म्हणजे बंगालपासून सोलापूरपर्यंत बायकांना ही बाई ओळखीची वाटली. पंचवीस वर्षं घर सांभाळलं, कुणी कौतिक केलं नाही, नवरा दुसरीकडं गुंतला, आणि मग ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, गायला लागली. ही मैत्रीण म्हणाली, "माझ्या घरात तसलं काही नाही, पण ती दार ओढून बाहेर पडली त्या रात्री मला झोप आली नाही." मी मालिका फार बघत नाही, तरी हे ऐकून गप्प बसले. पाच वर्षं रोज ठरल्या वेळेला येणारी बाई, तिची सवय होणारच.

मालिकांवर माझा एक राग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यातल्या निम्म्या बायका दुसऱ्या बाईच्या दुधात काहीतरी कालवत असतात. भिंतीआडून ऐकतात, डोळे बारीक करतात, मागं ढोल वाजतो. रोज हेच बघितलं की आपली जाऊ नुसती उंबऱ्यात उभी राहिली तरी आपल्या डोक्यात ढोल वाजायला लागतो. गोष्टीतली मैत्रीण निवडायची तर ती आपल्याला घरातल्या खऱ्या बायांपासून तोडणारी नसावी, एवढं बघा.

आणखी दोन बायकांची ओळख करून द्यायची राहिली. या दोघी जरा वेगळ्या आहेत. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची, विदर्भातली, वऱ्हाडी बोलीची. तिच्यात कौतिक आहे. नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पण त्याच्या जिवावर घर चालत नाही. घर उभं राहावं, पोरं शिकावीत म्हणून कौतिक राबते, झगडते, एका गावातून दुसऱ्या गावात संसार नेते. वर नवऱ्याला महारोग होतो. तिची परिस्थिती काही सुधारत नाही, उलट होरपळच वाढत जाते. वाचताना मला एकदाही वाटलं नाही की ही माझी मैत्रीण व्हावी. वाटलं, मी हिची मैत्रीण व्हायला पाहिजे होते. जाऊन तिच्या चुलीपाशी बसायला पाहिजे होतं. दहा रुपये नसते देता आले, पण "कौतिक, तुझं काही चुकलं नाही" एवढं तरी म्हणता आलं असतं. आपण नेहमी विचारतो, मला कोण मिळेल. हे पुस्तक वाचून मिटलं की आपल्याच गल्लीतलं एखादं बंद दार डोळ्यांपुढं येतं.

दुसरी 'पाचोळा'तली. रा. रं. बोराडे यांची १९७१ ची कादंबरी. हेही शिंप्याचंच घर, पण मराठवाड्यातलं, आणि बोली आपल्या बार्शीकडच्या माणसांना सहज समजेल अशी. गंगाराम शिंप्याच्या घराची कशी वाताहत झाली ते सगळं त्याची बायको स्वतः सांगते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीच बोलते. मध्ये कुणी लेखक येत नाही, समजावून सांगत नाही. जात्यावर बसल्यावर शेजारणीला सांगावं तसं. मला ते वाचताना उलटंच वाटलं. मी तिला निवडलं नव्हतं, तिनंच मला निवडलं होतं. तिला कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं. शिकलेल्या सुनेला किंवा पोरीला सांगून गटात एखादं प्रकरण मोठ्यानं वाचून घ्या. वाचता येत नसलं तरी ही बाई कळते, कारण ती बोलतेच आपल्यासारखं.

आता एक खरं तेही सांगायला पाहिजे. गोष्टीतली मैत्रीण ताप आल्यावर पाणी तापवून देणार नाही. पोराची फी भरायला गटातून उचल घ्यायची तर तिची सही चालणार नाही. तुमचं चुकलं तर "तुझं चुकतंय बाई" असं ती म्हणणार नाही, कारण तुम्ही पान उलटलं की ती गप्प. उलट तिचा एक गुण खऱ्या मैत्रिणीत सहसा नसतो. तिला सांगितलेलं चव्हाट्यावर येत नाही. आणि गोष्टीतल्या माणसाच्या आडून आपल्याला आपलं बोलता येतं. "माझा नवरा मला विचारत नाही" हे बैठकीत म्हणायला जीभ रेटत नाही. "त्या अरुंधतीला तिचा नवरा विचारत नव्हता" हे सहज म्हणता येतं, आणि सगळ्यांना कळतं कुणाचं चाललंय. त्या पावसाच्या दिवशी असंच झालं. नावडतीची गोष्ट निघाली आणि एकजण म्हणाली, "गोठ्यात झोपायचं म्हंजी काय ते मला इचारा." तिच्या शेजारी सहा वर्षं हप्ता भरत बसणाऱ्या बाईलाही ते माहीत नव्हतं. मी वही मिटवून ठेवली. त्या दिवशी मग ती तासभर बोलली. ते इथं रेडिओवर सांगायचं नाही.

पाऊस थांबल्यावर उठायच्या आधी शेकूच्या बायकोची गोष्ट पुन्हा निघाली. तिला नाव नाही हे काही जणींच्या मनाला लागलं होतं. एक म्हणाली, आपणच ठेवू. मग जो गोंधळ झाला! कुणी म्हणालं पार्वती, कुणी म्हणालं गंगा, कुणी म्हणालं नाव कशाला, बायजा म्हणा. एकमत होईना. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, ठरावच घ्या, वहीत लिहू.

तेव्हा भोपळ्यातली म्हातारी मागणाऱ्या आक्का बोलल्या. लग्नात त्यांचं नाव बदललं होतं, ताटात तांदूळ पसरून त्यांच्या नवऱ्यानं नवं नाव लिहिलं होतं. रेशन कार्डावर, मतदार यादीत, बँकेच्या पासबुकात, सगळीकडं तेच. आक्का म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव द्या की तिला. मोकळंच पडलंय."

कुणीतरी विचारलं, काय होतं आक्का? आक्कांनी सांगितलं. चाळीस वर्षं त्या गावात राहून ते कुणाला माहीत नव्हतं. सचिव बाईंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "सावकाश सांगा, काना-मात्रा चुकायला नको."